मागच्या दारचा पाहुणा बेपत्ता

संपूर्ण सिंधुदुर्ग जिल्ह्यात परवाना नसलेला, ऑफिस नसलेला आणि गिऱ्हाईक नसलेला खाजगी गुप्तहेर एकच आहे, आणि तो मी. सत्यवान धुरी. नजर घारीची, कान सशाचे. गुडघे मात्र माझे स्वतःचे आहेत, त्यामुळे पाठलाग फक्त सपाटीवर करतो.

सगळी नोकरी एस.टी.त कंडक्टर म्हणून काढली, तीही बहुतेक मालवण-कसाल रस्त्यावर. बिनतिकीट माणूस मी नुसत्या मानेवरून ओळखायचो. ज्याच्याकडे तिकीट नसतं तो खिडकीबाहेर बघतो. ज्याच्याकडे तिकीट असतं तोही खिडकीबाहेरच बघतो, पण दोन्ही बघण्यांत फरक आहे. तो शब्दांत सांगता येत नाही. साहेबांनी दोन-तीनदा विचारला, तेव्हाही सांगता आला नव्हता.

निवृत्त झाल्यावर ही नजर वाया जाऊ नये म्हणून गुप्तहेर झालो. पहिली केस देवळाबाहेरून चोरीला गेलेल्या चपलांची. त्या मी शोधून काढल्या. माझ्याच पायात होत्या. दुसरी आनंदीबाईंच्या हरवलेल्या म्हशीची. म्हैस संध्याकाळी आपली आपण घरी आली, पण मी तेव्हा तिच्या मागावर कुडाळला गेलो होतो, म्हणजे तपास चालू होता हे कोणी नाकारू शकत नाही.

आता माझ्या घरची परिस्थिती सांगतो, कारण केसशी तिचा संबंध आहे. माझं नाव सत्यवान. गोष्टीतल्या सत्यवानाला त्याच्या बायकोने यमाकडून परत आणलं. माझ्या बायकोचं नाव पद्मावती होतं. तिथेच सगळं चुकलं. गेल्या कार्तिकात ती गेली आणि मी राहिलो, आणि तिला परत आणायला जायचं तर कुठल्या स्टँडवरून गाडी सुटते हे मला कोणी सांगेना.

दहाव्याला भटजींनी पिंड ठेवून पाठ वळवायच्या आत कावळा शिवला. सगळे म्हणाले, बाई तृप्त गेली, कसलीच इच्छा मागे उरली नव्हती. मला जरा वाईट वाटलं. मी घरून बरीच आश्वासनं तयार करून गेलो होतो. एकही विचारलं नाही.

तर केस.

कसालपासून आत, रस्ता डोंगराला लागतो तिथे आमचं घर आहे. मागच्या दारी एक फणस, कोकमाची दोन झाडं, म्हणजे रातांबे, त्यामागे काजूची झाडं आणि पुढे रान. या मागच्या दारी दरवर्षी एक पक्षी येतो. वैशाख संपत आला, अंगणात कोकमं वाळत पडली, की येतो. पावसाळा काढतो आणि जातो. पुस्तकवाले त्याला नवरंग म्हणतात. पाठ हिरवी, पंखावर निळा तुकडा, पोटाखाली लाल, डोळ्यांवर काळा पट्टा. शेपूट इतकी आखूड, की शिंप्याला शेवटी कापड कमी पडलं असावं. दिवसभर जमिनीवर उड्या मारत फिरतो आणि सकाळ-संध्याकाळ दोन सुरांची शीळ घालतो. पद्मावती त्याला ‘पावणो’ म्हणायची. म्हणजे पाहुणा.

तो आला की ती पहिला फोन देवबागला करायची, तिच्या धाकट्या बहिणीला, सुशीलेला. दोघी बहिणी आमच्यासारख्याच रानाकडेच्या गावात वाढलेल्या. सुशीला लग्न होऊन देवबागला पडली. तिथे एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये वाळू. माड आहेत, मासे आहेत, पर्यटक आहेत, पण पाहुणा नाही. तो वाळूवर उतरत नाही. म्हणून पद्मावतीचा फोन गेला की सुशीला पिशवी भरून आठ दिवस आमच्याकडे यायची, आणि दोघी मागच्या पायरीवर बसून त्याची शीळ ऐकायच्या. मधल्या वेळात माझी चेष्टा करायच्या.

यंदा पाहुणा आला नाही.

सुशीलेचा रोज फोन. तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, आणि आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू इतका वाढलाय की चहात साखर पडली की बशीत, हे तिला चव घेतल्यावर कळतं. लेक विनीता तिला कायमची नाशिकला घेऊन जाणार. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी गाडी घेऊन येणार, असं ठरलेलं.

“भावोजी, पावणो इलो काय?”

“नाय गो अजून. लेट आसा.”

“लेट? तुमची एस.टी. काय ती?”

“येतलो गो. इलो की फोन करतंय.”

“फुडच्या रविवारी मी जातंय. नाशकाक काय तो माका भेटूक येवचो नाय. डोळे तर गेलेच, पण कान आसत. एकदा आयकून गेलंय तर बरा वाटात.”

“मगे तू अशीच ये ना. घर काय परक्याचा आसा?”

“पद्मा नाय, पावणो नाय, मगे येवन काय करू? तुमचो चेहरो बघू? तो माका दिसणा पण नाय.”

फोन ठेवला आणि मी त्याच क्षणी केस हातात घेतली. त्या रविवारच्या आधीचा गुरुवार उजाडायच्या आत पाहुणा हजर करायचा, म्हणजे सुशीलेला येऊन दोन-तीन दिवस तरी त्याला ऐकता येईल. बायकोच्या इच्छा कावळ्याने परस्पर मिटवल्या होत्या, निदान मेहुणीची तरी एक इच्छा माझ्या वाट्याला आली होती.

माझा सहाय्यक बाळा. शेजारी राहतो, रिक्षा चालवतो. सहाय्यकपदाची नेमणूक त्याने कधी स्वीकारली नाही, पण नाकारायला त्याला मी बोलूही दिलेलं नाही. त्याला घेऊन मी घटनास्थळाची पाहणी केली. हातात भिंग होतं आणि गळ्यात दुर्बीण. मालवणच्या बाजारात पर्यटक किल्ला बघायला घेतात तसली. तिच्या एका डोळ्यातून सगळं धूसर दिसतं आणि दुसऱ्यातून काहीच दिसत नाही.

घटनास्थळ स्वच्छ होतं. फणसाखालची जमीन, रातांब्याखालची जमीन, पार काजूच्या बांधापर्यंत, तळहातासारखी. मी भिंग घेऊन ओणवा झालो आणि बराच वेळ तसाच राहिलो, कारण लगेच उठता आलं नाही.

“बाळा,” मी म्हटलं, “गुन्हेगार सराईत आसा. मागे एक पान सुदिक ठेवल्यान नाय.”

“ता तू झाडलंस सकाळी,” बाळा म्हणाला.

“ता वेगळा.”

“मी बघलंय ना. हिराचो खराटो घेवन.”

“बाळा, तपासात विषयांतर नको.”

झाडण्याबद्दल इथेच खुलासा करतो, कारण त्याचा मला अभिमान आहे. पद्मावती गेल्यावर लोक समाचाराला यायचे. येताना तोंड पाडून यायचे आणि जाताना घराकडे नजर टाकून जायचे. आता हे घर कसं राहील, ते बघायचे. मी ठरवलं, की बाई गेली आणि घर गेलं असं कोणाच्या तोंडून ऐकायचं नाही. त्या दिवसापासून रोज सकाळी खराटा हातात घेतला. पुढचं अंगण तर तीही झाडायची. मी मागचंसुद्धा झाडायला घेतलं, जे ती कधी झाडत नसे. फणसाचा, रातांब्याचा, काजूचा सगळा पातेरा, म्हणजे गळलेला सुका पाला, गोणींत भरायचा आणि वाडीत वाटून टाकायचा. कोणाला भाताचा तरवा, म्हणजे रोपं, करायच्या आधी जमीन भाजायला लागतो, कोणाला माडाच्या आळ्यात घालायला. आनंदीबाईंनी तर सगळ्या माडांना माझाच पातेरा घातला. वाडीत माझं नाव झालं.

पहिला संशय आनंदीबाईंच्या मांजरीवर. मी तिला चार दिवस नजरेखाली ठेवलं. पाचव्या दिवशी आनंदीबाईंच्या न्हाणीमागे पिसं सापडली. मी मांजरीसमोर बिस्किट ठेवून चौकशी सुरू केली. तिने खाल्लं आणि खिडकीबाहेर बघितलं. माझ्या अनुभवाप्रमाणे हा कबुलीजबाबच होता.

आनंदीबाई बाहेर आल्या. “सत्यवाना, माज्या मांजरीक बिस्किटा कित्याक चारतंस?”

“जबानी घेतंय.”

“कसली?”

“तुज्या न्हाणीमागे पिसा गावली. आता लपवन काय उपेग नाय.”

“ती माज्या कोंबयेची, मेल्या! जावई इल्लो ना रविवारी. तुका पण वाटी धाडलंय. खाल्लंस ना?”

खाल्ली होती. दोनदा रस्सा मागून घेतला होता. म्हणजे पुराव्याचा मोठा भाग मीच पोटात घातला होता. मी पिसं परत जागेवर ठेवली.

“पण काय म्हण सत्यवाना,” आनंदीबाई मागून म्हणाल्या, “पद्मावतीच्या मागे घर कसा आरशासारखा ठेवलंस! मागच्या दारी एक पान दिसणा नाय. बायलमाणसाक जमाचा नाय असा.”

तपास फसला होता तरी मी घरी ताठ मानेने आलो.

त्यानंतर मी प्रश्न माझ्या व्यवसायाच्या अंगाने घेतला. पाहुणा दरवर्षी ठरलेल्या दिवसांत येतो, ठरलेल्या ठिकाणी थांबतो, ठरलेल्या दिवसांत परततो. म्हणजे ही लांब पल्ल्याची गाडी. गाडी आली नाही, तर एकतर ती बिघडली किंवा तिचा मार्ग बदलला. महामार्ग रुंद झाल्यापासून कसालला माणसंसुद्धा वळण चुकतात आणि थेट पुढे निघून जातात. मग पक्ष्याचं काय! मी बाळाला रिक्षा काढायला लावली. कसालच्या बाजारात, महामार्गाच्या कडेला, दुर्बीण लावून उभा राहिलो. येणाऱ्या प्रत्येक पक्ष्याची दिशा बघत होतो. बाळा रिक्षात तोंडावर टॉवेल घेऊन बसला होता. मला वाटलं, उन्हासाठी.

“उन्नासाठी नाय,” तो म्हणाला. “माका हंय लोक वळखतत.”

दोन कावळे, एक बगळा आणि भरपूर ट्रक बघून आम्ही परत आलो. येताना बाळा एवढंच म्हणाला, “तो पक्षी डांबरावरून चलत येता असा तुका वाटता?”

यावर विचार केला. मुद्दा दुर्लक्ष करण्यासारखा नव्हता, म्हणून विषय बदलला.

बुधवारी पहाटे मी स्वतः पाळत ठेवली. फणसामागे गोणपाट पांघरून बसलो. फटफटलं. काजूच्या बांधाकडे काहीतरी हललं. मी दुर्बीण लावली. धूसर, पण हिरवं. त्यात निळं. त्यात लाल. जमिनीवर उड्या मारतंय! आयुष्यात पहिल्यांदा माझी एक केस माझ्यासमोर सुटत होती. मी गोणपाटासकट रांगत निघालो. ते उडी मारून पुढे गेलं. मी पुढे गेलो. ते थांबलं. मी झडप घातली.

चिप्सचं पाकीट होतं. वाऱ्याने उड्या मारत होतं, पण उड्या अगदी पाहुण्यासारख्याच.

मी ते उचललं. आणि वाकलोच आहे, तर शेजारची दोन पानंही उचलली.

आता राहिला शेवटचा मार्ग. त्याच दिवशी मी देवळात गेलो आणि भाईंना म्हटलं, कौल लावा. भाई आमचे गुरव. कौल म्हणजे देवाच्या अंगावर फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न घालायचा. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. शेतीचे, लग्नाचे, जमिनीचे प्रश्न लोक घालतात. पक्ष्याचा कोणी घातला नव्हता. भाईंनी माझ्याकडे बघितलं, मग देवाकडे बघितलं, आणि दोघांनीही समजून घेतलं असावं.

भाईंनी गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा! ह्या तुज्या लेकराच्या मागच्या दारचो पावणो...”

“व्हय म्हाराजा,” बाळा म्हणाला. गाऱ्हाण्याला कोणीतरी साथ द्यावी लागते.

“...वर्साचो नेम मोडून खंयतरी गुप्त झालो आसा...”

“व्हय म्हाराजा.”

“...तेका खंयच्या वायटानं अडवल्यान, ता दाखव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मी प्रश्न घातला, “अडवणारो बाहेरचो आसा?” डावी पाकळी पडली. नाही.

“वाडीतलो?” डावी.

“मगे माज्या घरातलो?” भाईंचा हात अजून पाकळीवरून निघालाही नव्हता, तर उजवी पडली.

मी म्हटलं, “पाकळी नीट भिजली नाय. परत लावा.” परत लावली. परत उजवी.

बाळा हळूच म्हणाला, “घरात तू एकटोच आसंस.”

“म्हणानच,” मी म्हटलं. “देवाक उंदीर म्हणाचो आसा.”

घरी येऊन मी उंदरांचे सापळे लावले. एका सापळ्यात माझं बोट सापडलं.

गुरुवार उजाडला. पाहुणा नव्हता. फोन करून तसं सांगायची माझी हिंमत होईना. दहाच्या सुमाराला रिक्षा वाजली. बाळा कोणाला तरी हाताला धरून उतरवत होता. पातळ सावरत, पिशवी कवटाळत सुशीला.

“पावणो येणा नाय, तर मी येतंय,” ती म्हणाली. “रविवारपर्यंत हंय बसतंय. विनीताक सांगलंय, थंयसून घेवन जा. तो येता की नाय, बघूया.”

मी चहा टाकला. तिला केसचा सगळा अहवाल दिला. मांजर, महामार्ग, कौल. चिप्सचं पाकीट गाळलं. बाळाने ते भरून काढलं. सुशीला हसत होती, पण मन मागच्या दाराकडे होतं. कप खाली ठेवून ती उठली.

“माका पायरीर नेवा.”

मी तिला मागच्या पायरीवर आणलं. तिने माझा हात सोडला आणि अंदाजाने खाली उतरून चार पावलं पुढे गेली. थांबली. परत दोन पावलं टाकली. पायाने जमीन चाचपली, जशी माणसं अंधारात दिव्याचं बटण चाचपतात.

“भावोजी, मी खंय आसंय?”

“फणसाखाली.”

“खोटा.”

“खोटा कित्याक बोलू? हो बघ फणस.” मी तिचा हात खोडाला लावला.

“फणस आसात. पण ह्या फणसाखाल नाय. फणसाखाली पाय वाजता.” तिने पाय आपटला. आवाज आला नाही. “पातेरो खंय गेलो?”

“झाडलंय,” मी म्हटलं.

“कोणी?”

“मी. रोज झाडतंय. ती गेली तेव्हापासून.”

सुशीला वळली. नजर माझ्या डाव्या कानाच्या बाजूला लागली होती, पण जे बघायचं ते तिला दिसलं होतं.

“भावोजी,” ती सावकाश म्हणाली, “तो काय तुमचा तोंड बघूक येता? तो पातेरो उलटून खालचे किडे खाता. तेचा जेवणच थंय आसा. तुमी ताट उचलून ठेवलास, आणि मगे दुर्बीण लावन बसलास, पावणो जेवक कित्याक येणा नाय म्हणान?”

बाळा पायरीवर बसला. तो हसत नव्हता. हसण्याच्या पलीकडे गेला होता. मध्येच एकदा “व्हय म्हाराजा” म्हणाला.

मी फणसाला टेकलो. देवळातली उजवी पाकळी डोळ्यांसमोर आली. देवाने दोनदा सांगितलं होतं, आणि मी ते उंदरांवर ढकललं होतं.

एक गोष्ट मात्र मला सुशीलेला विचारायची होती. पद्मावतीला मी एकदा म्हटलं होतं, मागचंही झाडून देतो. ती म्हणाली होती, “मागचा ऱ्हवांदे.” इतकी वर्षं मी समजत होतो, तिला माझ्या कंबरेची काळजी आहे.

“तुमच्या कंबरेची?” सुशीला म्हणाली. “ती म्हणा, ह्येंका सांगून उपेग नाय, एकदा कळला तर वाडीभर भाषण देत फिरतले आणि पावणो पळान जायत.”

“मी घर चांगला ठेवक बघत होतंय,” मी म्हटलं. “कोणी म्हणा नये, बाई गेली आणि घर गेला.”

सुशीलेने पायाने ती मोकळी जमीन परत एकदा चाचपली.

“घर चकचकीत आसा, भावोजी. पण पद्माचा नाय ऱ्हवला ह्या. तुमी हॉस्पिटल केलास.”

मग ती पदर खोचून पायरीवर बसली. “आता पातेरो हाडा. रविवार लांब नाय.”

पाला उचलणं सोपं असतं. दिलेला पाला परत मागायला जाणं म्हणजे काय, ते मला त्या दुपारी कळलं. आनंदीबाई माडाच्या आळ्यात उभ्या राहिल्या, जणू मी माडच उपटायला आलोय.

“दिलेलो पातेरो कोण परत मागता रे?”

“पुरावो आसा तो. जप्त करूचो आसा.”

“काल माजी मांजर, आज माजो पातेरो. उद्या काय, माका धरून नेतलंस?”

बाळाने रिक्षातून खाली उतरून त्यांना सगळं सांगितलं. आनंदीबाई हसता हसता आळ्यातच बसल्या. मग स्वतः गोणी भरून दिल्या, वर फणसाच्या झाडाखालचा त्यांच्याकडचा ताजा पालाही घातला. पण त्याची किंमत होती. म्हणाल्या, “ह्या मी भजनाक सगळ्यांका सांगतलंय हां.”

त्यांना भजनापर्यंतही धीर धरवला नाही. आम्ही पुढच्या घरी पोचलो, तर तिथे गोणी भरून तयार. बाळाच्या रिक्षातून पाला इतका बाहेर लोंबत होता, की नाक्यावर एका माणसाने विचारलं, बैलांचं भाडं घेतोस काय. एका घरातून मात्र काही मिळालं नाही. त्यांनी तरव्याची जमीन भाजून घेतली होती. माझ्या पातेऱ्याची राख झाली होती. म्हातारबुवांनी ती दाखवली. मी टोपी काढली.

शुक्रवार आणि शनिवार पाला पसरण्यात गेले. मी पसरायचो, सुशीला पायरीवरून हुकूम सोडायची.

“चलान दाखवा.”

मी चालायचो.

“हंय कमी वाजता. घाला.”

मी घालायचो.

“आता जास्त झालो. पावणो काय त्यात बुडात.”

पूर्वी दोघी मिळून माझी चेष्टा करायच्या, आता एकटीने दोघींचं काम करत होती. संध्याकाळी मात्र ती बोलायची थांबायची आणि काजूकडे तोंड करून बसायची. मीही बसायचो. दयाळ बोलला, बुलबुल बोलले, पावशा लांब रानात एकसारखा ओरडत होता. पाहुणा नाही. शनिवारी अंधार पडायला लागला तशी ती म्हणाली, “किडे पाल्यात येवक पण दिवस लागतत.” ते तिने मला समजावलं की स्वतःला, कोण जाणे. मी तपास केला नाही.

रविवारी विनीता आली. पोर चांगली आहे. आईचे डोळे, आईची औषधं, सगळं तिने नीट आखलेलं. सुशीलेने निघताना मला मागच्या दारी न्यायला सांगितलं. मी हात पुढे केला, तिने तो बाजूला सारला. पाल्यावरून एकटी चालत फणसापर्यंत गेली आणि परत आली. पाय छान वाजत होते.

“झाडू नकात ह्या,” एवढंच म्हणाली. गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तेव्हा मला हात हलवायचं आठवलं.

केस बंद केली. गुन्हेगार सापडला होता आणि ज्याच्यासाठी शोधला तो माणूस निघून गेला होता. त्यानंतर काही दिवस मी खराट्याकडे बघितलं नाही. मागच्या दारी पानं पडत राहिली. वाडीतल्या एक-दोघांनी बघून मान हलवली. बाई गेली आणि घर गेलं, असं म्हणालेही असतील. म्हणोत.

आणि एका संध्याकाळी मी पायरीवर तांदूळ निवडत होतो, तर पाल्यात कोणीतरी चालल्यासारखा आवाज झाला. थांबला. परत झाला. मी दुर्बीण आणायला उठलो नाही. मग ती शीळ आली. दोन सूर. रातांब्याखालून, इतक्या जवळून की ताटातले तांदूळ माझ्या हातून सांडले.

मी नाशिकला फोन लावला.

“सुशीला! मी सत्यवान. केस...”

“गप ऱ्हवा!”

मी फोन रानाकडे धरला. शीळ आली. परत आली. पलीकडे नाशिकच्या रस्त्यावरचे हॉर्न वाजत होते, मग खिडकी बंद केल्याचा आवाज आला, मग काहीच नाही.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “ह्यो आपलो न्हय.”

“न्हय? कसो न्हय? हिरवो आसा, निळो आसा, ढुंगणाखाल लाल...”

“रंग माका नको सांगू... नको सांगू नकात.” गडबडीत तिने मला ‘तू’ म्हटलं आणि ते दुरुस्तही धड केलं नाही. “आपल्याची दुसरी शीळ खाली येय. ह्येची वर जाता. ह्यो नवो आसा. कोवळो.”

“मगे आपलो खंय गेलो?”

“माका काय म्हायत? आपलो नाय येवचो आता.”

“मगे ह्येचा काय करूया?” मी विचारलं.

“काय करतलास? ऱ्हवांदे,” ती म्हणाली. “चलात.” आणि थोड्या वेळाने, “फोन थंय खाली ठेवा आणि तुमी लांब जावा. तुमचो श्वास मोठ्यान वाजता.”

मी पावलांचा आवाज न करता फणसापर्यंत गेलो. त्या पाल्यावरून ते शक्य नव्हतं, पण गेलो. फोन मुळावर ठेवला आणि परत येऊन पायरीवर बसलो. शीळ चालू होती.

बाळा घराला वळसा घालून आला. “कवाधरनं फोन लावतंय, एंगेज लागता! भजनाक जावचा आसा ना? एवढा कोणाशी बोलतंस?”

“मी नाय बोलत,” मी हळूच म्हटलं. “ती दोगां बोलतत.”